पलीकडचा फलाट

जर्मनीशी युद्ध लागलं तशी अल्सासमधली सीमेवरची गावं रिकामी करून तिथली माणसं आमच्या मध्य फ्रान्समधल्या लिमुझँत आणून सोडली. सालोमे त्यांतलीच. तिच्या नवऱ्याची, शॉर्शची, फौजी गाडी आज माझ्या स्टेशनात फक्त दोन मिनिटं थांबणार होती. इथे जन्मलेलं बाळ त्याने अजून पाहिलं नव्हतं. आणि ही बया बाळ घेऊन पलीकडच्या फलाटावर उभी!

"पोरी, इकडे ये! गाडी या फलाटाला लागते."

"नाही मास्तर, पॅरिसची गाडी इथेच लागणार."

"मग वीस वर्षं मी काय गवत उपटतोय?"

ती हलेना. इतक्या ठामपणे उभी, की क्षणभर मलाच माझ्या रुळांचा संशय आला.

गाडी आली, माझ्याच फलाटाला लागली. आता ही बाई वळसा घालून येईपर्यंत गाडी जाणार! मी "शॉर्श, शॉर्श" ओरडत डब्यांमागून डबे पालथे घातले.

"तो केव्हाच उतरला," एक सैनिक म्हणाला. "वेडा, भलत्याच दाराने, थेट रुळांत."

मी पलीकडच्या खिडकीतून डोकावलो. शॉर्श रुळांत उभा होता. सालोमे फलाटावरून वाकून बाळ त्याच्या हातात देत होती.

"अरे, उजवीकडे कशाला उतरलास? गाडी डाव्या रुळाने धावते, फलाट डावीकडेच येणार!"

दोघांनीही गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"मग कुठे उतरणार, मास्तर? आमच्या अल्सासात जर्मनांच्या काळापासून गाड्या उजव्या रुळानेच धावतात," शॉर्श म्हणाला.

मी गाडी सोडायची शिट्टी खिशात टाकली.