सासूबाईंचा अभिप्राय

पुस्तकांच्या दुकानात वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि वाचक एकामागून एक उठून लेखकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते. कादंबरी कॉम्प्युटर हॅक करणाऱ्या चोराची. एका निवृत्त बँकवाल्याने सांगितलं की वाचल्यापासून त्याने सगळे पासवर्ड बदलले आणि आता एकही आठवत नाही. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, चोर पकडला जाऊ नये म्हणून आपण देवाला हात जोडले. लेखक मान तिरकी करून ऐकत होता. "मी अनुभवल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही," असं त्याने सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या.

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. रहस्यकथा वाचण्यातच त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांची सून अगदी मागे, पुस्तकांच्या कपाटाआड उभी होती आणि तिच्या शेजारी तिच्या जुन्या ऑफिसचे साहेब. साहेबांना सासूबाईंनीच फोन केला होता. "तासभर या, नाहीतर मी तुमच्या घरी येऊन बसेन," असं ऐकल्यावर माणूस येतोच.

सून त्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायची. एकदा आगीच्या सरावाची घंटा वाजली, सगळे खाली पटांगणात जाऊन उभे राहिले आणि तेवढ्यात तिच्या टेबलावरून ग्राहकांची सगळी माहिती चोरीला गेली. माणूस उठला की तिथली स्क्रीन मिनिटभरात आपोआप लॉक व्हायची. त्या दिवशी झाली नाही. म्हणजे लॉक हिनेच काढून ठेवलं असणार, असं चौकशीत ठरलं आणि तिला घरी बसवलं. त्यानंतर कुठल्याही ऑफिसने तिला दारात उभं केलं नाही. शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी तेवढा तिच्यासाठी फार हळहळला होता.

तो सहकारी आता लेखक झाला होता. त्याच्या कादंबरीत ती घंटा, ते पटांगण, ती उघडी स्क्रीन जशीच्या तशी होती. पण घंटा सगळ्यांनीच ऐकली होती, तिच्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. स्क्रीन उघडी राहिली कशी, हे फक्त चोराला माहीत असणार, आणि नेमकं तेच पुस्तकात नव्हतं. "नसू दे," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मी त्याच्या नरड्यातून काढते."

आता त्या उठून उभ्या राहिल्या. "माझा अभिप्राय वाईट आहे," त्या म्हणाल्या. "आगीच्या सरावाचं प्रकरण म्हणजे शुद्ध थाप. तुमचा नायक सगळ्यांबरोबर खाली जातो, हजेरी देतो, मग गुपचूप वर येतो आणि त्या बाईची स्क्रीन आपली उघडीच! अहो, ती लॉक होते. शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

लेखक हसला. "आजी, नायकाने त्याची सोय केलेली असते."

"कुठल्या पानावर?"

निवृत्त बँकवाला भराभर पानं उलटू लागला. "खरंच की. नाहीच आहे," तो म्हणाला. मघापासून चोराच्या बाजूने असलेली मुलगीसुद्धा खट्टू झाली.

"मुद्दामच नाही लिहिली," लेखक म्हणाला. "उद्या कुणीही करेल."

"सुचली नाही म्हणा ना. नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे खो-खो हसले. मागे सून हसली नाही. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला, आणि त्या रागानं तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. लेखकाचे कान लाल झाले होते. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"हे असं काट्याचं घड्याळ. बाई उठली की तिच्या माउसखाली सरकवायचं. सेकंदकाटा फिरत राहतो, माउसला वाटतं कुणीतरी आपल्याला हलवतंय. स्क्रीन लॉक होत नाही. तोवर आपण खाली जाऊन चारचौघांना तोंड दाखवायचं आणि सगळे गप्पा मारत बसले की वर यायचं."

"काहीतरीच. असं कुठे चालतं?"

"चालतं म्हणजे? मी स्वतः करून बघितलंय. भर ऑफिसात, शेजारच्या टेबलावर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कपाटाआड साहेबांनी सुनेकडे बघितलं आणि मान खाली घातली.

सासूबाईंनी हरल्यासारखा चेहरा केला. असा चेहरा करायची त्यांना सवय नव्हती, तरी जमला. कादंबरी घेऊन त्या लेखकाच्या टेबलापाशी गेल्या.

"चुकले हो मी. पण घरी माझ्या सुनेला नाही पटायचं. ती याच कामातली आहे. तुम्ही आत्ता सांगितलंत ना, ते तुमच्याच हाताने लिहून द्या. घड्याळ कसं ठेवलंत, कुठे ठेवलंत, सगळं. खाली सही करा."

लेखक खूश होता. कोऱ्या पानावर त्याने ठसठशीत अक्षरात घड्याळ लिहिलं, माउस लिहिला, शेजारचं टेबल लिहिलं, आणि झोकात सही केली. मग वर थोडी जागा राहिली होती तिथे त्याने पेन टेकवलं.

"कुणासाठी म्हणून लिहू? सुनेचं नाव काय?"

सासूबाईंनी मागे वळून हात केला. कपाटाआडून सून बाहेर आली, तिच्यामागून साहेब. दोघं खुर्च्यांच्या मधून चालत टेबलाशी येऊन उभी राहिली. लेखकाने पुस्तक मिटायला हात पुढे केला, पण पानावर सासूबाईंचा तळवा होता.

"नाव तुम्हाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "लिहा."