कणगीतले किडे

स्वराज्य आलं त्या वर्षी कर्जतला घरोघर भिंतींवर हिवतापाचं औषध फवारलं. अब्राहाम मास्तरांनी दोन बेडूक पाळले होते. त्यांच्या पोटात विष जाऊ नये म्हणून मास्तर भिंतीवरचा एकही किडा त्यांना घालीत नसत. ज्वारीच्या कणगीतलेच जिवंत किडे वेचून घालीत. घरच्या धान्यातले, भरवशाचे. हल्ली तर ते किडे पळतही नसत.

एका सकाळी दोन्ही बेडूक उताणे पडलेले दिसले.

"कृपा, कणगीत तू राखच घालतेस ना?" दुसरी भाकरी मोडता मोडता मास्तरांनी बायकोला विचारलं.



"राखेनं किडं हटंनात," तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "म्हनून फवारनीवाल्याकडनं त्याची पावडर मागून घेतली. नाताळापास्नं तीच मिसळतेय."