विसावा मजला

जमीन विकायच्या कागदावर भावंडांपैकी एकट्या आग्नेलकाकांचीच सही राहिली होती, म्हणून बिल्डरचा माणूस हितेश थेट त्यांच्या चाफ्याच्या वाडीत आला. मोबाइल खोचलेला व्हीआर हेडसेट त्याने काकांच्या डोळ्यांवर चढवला.

"काका, हा इथे होणारा टॉवर. तुम्ही आता विसाव्या मजल्याच्या गॅलरीत आहात. फक्त चालू नका हां, आपटाल कुठेतरी."

"माझ्याच वाडीत आपटेन?" म्हणत काका चालायलाच लागले. डोळ्यांपुढे गॅलरी आणि आभाळ. पण पाय पाट ओलांडून, विहिरीला वळसा घालून, एकाही झाडाला धक्का न लावता निघाले. मागून हितेश चिखलात बूट रुतवत धडपडत होता.

फाटकापाशी काकांनी हेडसेट काढून त्याच्या हातात दिला.


"बघितला टॉवर. आता फाटक बाहेरून लावून घे."