मुंग्या

मोटारसायकलवरून पडून पाठीच्या कण्याला मार बसला, तेव्हापासून प्रज्ञेशला कमरेखाली काहीच जाणवत नव्हतं. कर्वेनगरच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टरबाई त्याच्या पायात सुया टोचत आणि विचारत, "काही जाणवलं?"

"हो, मुंग्या आल्या," तो डोळे मिटूनच सांगे. उशाशी बसलेल्या आईचा, नंदाताईंचा, चेहरा उजळे.

"कुठेही टोचा, मुंग्याच. तुमच्या आयटीत दुसरा शब्द शिकवत नाहीत वाटतं," बाई म्हणत.

आज खिडकीतल्या उन्हात पडल्या पडल्या त्याला डुलकी लागली. सुया अजून पाकिटातच होत्या. बाई नेहमीप्रमाणे आधी स्पिरिटच्या बोळ्याने त्याचा तळपाय पुसू लागल्या.

"आई, नदीत उतरलोय का गं आपण?" तो झोपेत पुटपुटला. "पाणी किती गार आहे."

बाईंचा हात थांबला. मग त्यांनी बोळा अलगद दुसऱ्या तळपायावर टेकवला.

"आता दोन्ही पाय पाण्यात," तो झोपेतच हसला.

नंदाताईंनी बाईंचं मनगट घट्ट धरलं.

"डॉक्टर, त्या मुंग्या तो माझ्यासाठी आणायचा, ते ठाऊक होतं मला," त्या कुजबुजल्या. "पण आज तर त्याला कुणी विचारलंच नव्हतं."