गुरुवारचा तुकडा

“काकू, हा तुकडा मी स्वतः दिव्यावर धरून बघितलाय. आरपार. केस असता तरी दिसला असता,” मासळीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि तेच तिला जास्त लागलं. मागच्या भिंतीवर दोन नोटिसा चिकटवलेल्या होत्या. “आता आणखी एक अळी निघाली की दुकानाला कुलूप.”

“मी काय मुद्दाम करते का रे?”

“तसं कुठं म्हणतोय? परदेशातून आलेला मासा, असू शकते अळी. पण तुमच्याच तुकड्यात बरी सापडते.”

पहिल्यांदा तिला खरंच काहीतरी पांढरं, वेटोळं दिसलं होतं. तुकडा घेऊन ती सरकारी तपासणी खोलीत गेली. तपासनीसाने अळी काढून दाखवली, घाबरू नका, नीट शिजवलं की मरते म्हणाला आणि तिच्याकडे खुर्ची सरकवली. नवरा गेल्यापासून तिच्यासाठी कुणी खुर्ची सरकवली नव्हती. “दर गुरुवारी एक तुकडा आणत जा, ताई,” तो म्हणाला होता. “खात्री झालेली बरी.”

तोही एकटाच होता. चहात कोरडी बिस्किटं बुडवून खायचा. म्हणून आज तिने त्याच्यासाठी केक केला होता. घरी येऊन तिने एका डब्यात बर्फ घालून त्यावर मासा ठेवला, दुसऱ्यात केक. डबे जोडीतले. दोन्ही फडक्यांत घट्ट बांधून तिने पिशवीत ठेवले.

आज तुकडा स्वच्छ निघू दे, असं ती वाटभर मनात घोकत होती. मग मनात आलं, स्वच्छ निघाला तर पुढच्या गुरुवारी काय सांगून जायचं? तिची तिलाच लाज वाटली.

टेबलावर दोन कप आधीच मांडलेले होते.

“या ताई, वाटच बघत होतो. तुमच्यामुळे हे दार उघडं आहे, बरं का. तक्रारीच येत नाहीत म्हणून वरचे ही खोली बंद करायला निघाले होते.”

“आज काही निघू नये, साहेब. बिचाऱ्याचं दुकान जाईल.”

“असेल तर असेल, नसेल तर नसेल. आपल्या हातात काय असतं?”

तिने दिलेलं गाठोडं घेऊन तो आतल्या खोलीत गेला. दाराची काच अंधारीच राहिली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बाटलीचं झाकण फिरवल्याचा.

तो बाहेर आला तेव्हा हातात काचेची बशी होती. बशीत पांढरी, वेटोळी अळी. नेहमीसारखाच स्पिरिटचा वास.

“वाईट वाटतं,” तो म्हणाला. “पण लपवून कसं चालेल? लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे.”

तिच्या डोळ्यांसमोर कुलूप आलं. त्याने चहा ओतला, कप तिच्यापुढे ठेवला.

“पुढच्या गुरुवारी दुसऱ्या दुकानातला आणा,” तो हळूच म्हणाला. “याल ना?”

तिने मान हलवली. पदराने डोळे टिपले. मग केकची आठवण झाली.

“तुमच्यासाठी काहीतरी आणलंय,” ती म्हणाली. पिशवीतलं दुसरं गाठोडं काढून तिने गाठ सोडली आणि झाकण उघडलं.

डब्यात बर्फ होता आणि बर्फावर माशाचा तुकडा.