पिवळी लोकर

लेकीचं पहिलंच मोठं प्रदर्शन, त्यामुळे आईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. संग्रहालयाच्या दालनात शिरली आणि बघतच राहिली. छतापासून फरशीपर्यंत नुसती पिवळी लोकर ताणलेली, जणू कोळ्यानं अख्खं दालन गिळलं होतं.

"अगं, लहानपणी एवढा गुंता केला असतास तर पाठीत धपाटाच घातला असता!" शेजारी उभ्या लेकीला ती कौतुकानं म्हणाली आणि एक धागा जवळून निरखू लागली. धागा सरळ नव्हता, उसवलेल्या विणीसारखा नागमोडी होता. पुढे एक गाठ दिसली. अशी दुहेरी पीळ दिलेली गाठ ती स्वतःच मारायची.

"ही लोकर... कुठून आणलीस गं?"

"तूच पाठवलीस की. दर थंडीत एवढासा स्वेटर, टोपडं, मोजे. मुलगा होईल की मुलगी, ठाऊक नाही म्हणून सगळं पिवळंच." लेकीचा आवाज अगदी शांत होता. "मला मूल होणार नाही, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आई. तू म्हणालीस, होईल गं, धीर धर."

लेकीला द्यायला आणलेली मऊ पुडी आईनं पर्समध्ये आणखी खोल ढकलली. कागद फाटला आणि आतलं पिवळं टोपडं बाहेर डोकावलं.