अकरा मिनिटांची सनई

चार वाजले आणि कॅफेतली गाणी बंद पडली.

"पडलं बगा बंद," मशीनवरची माया म्हणाली. "मॅडम, रोजचंच झालंय हे. गिऱ्हाइकं हसायलेत."

स्वप्नालीनं फोन उचलला. पडद्यावर नेहमीची ओळ होती: 'आदिनाथचा फोन' यावर गाणं सुरू आहे.

एका मोठ्या कॉफी कंपनीची ही बीडमधली पहिलीच शाखा आणि स्वप्नाली तिची मॅनेजर. कंपनीनं पाठवलेली गाणी बीडकरांना काही मानवली नाहीत, म्हणून ती गाण्यांच्या ॲपवरच्या स्वतःच्या खात्यातली लावायची. दर महिन्याला पैसेही तीच भरायची. पण एका खात्यावर एका वेळी एकच फोन वाजणार, असा त्या ॲपचा कायदा. तिकडं आदिनाथच्या फोनवर गाणं लागलं की इकडं हिचं बंद.

"पासवर्ड बदला की. दोन मिनिटाचं काम हाय," माया म्हणाली.

"बदलते."

दोन वर्षं ती हेच म्हणत होती.

आदिनाथ तिचा नवरा. म्हणजे परवापर्यंत तरी. परवा साडेदहाला कोर्टात दोघांनी होकार दिला की सगळं संपणार होतं.

खातं लग्नाच्या पहिल्या महिन्यातलं. तिनंच दोघांच्या फोनवर ते चालू करून दिलं होतं आणि त्याच्या फोनला हौसेनं त्याचं नाव दिलं होतं. लग्नाआधी ती याच कंपनीत, संभाजीनगरला, बिया भाजायच्या कामावर होती. दिंद्रुडला सासरी आली तरी हात काही गप्प बसेनात. कच्च्या बिया मागवायची, चार वाजता चुलीवर तवा ठेवायची आणि सनईची एक धून लावायची. बरोबर अकरा मिनिटांची. धून संपली की तवा उतरवायचा. बिया ना कच्च्या, ना जळक्या. घड्याळापेक्षा तिचा त्या सनईवर भरवसा.

सासूबाईंना, छबुबाईंना, तो वास अजिबात सोसायचा नाही. नाकाला पदर लावून त्या दारात उभ्या राहायच्या. "काय रोज चिंचोके जाळायलीस गं? गावात दुसऱ्या सुना न्हाईत का?" दोन वर्षांत त्यांनी एकदाही कप तोंडाला लावला नाही. बीडला कॅफे निघाला, स्वप्नालीला बोलावणं आलं, तेव्हा तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "माजी सून लोकाचे उष्टे कप धुनार?" आदिनाथ पायाच्या अंगठ्याकडं बघत उभा राहिला. सासूच्या तोंडापेक्षा त्याचं ते गप्प राहणंच तिला जास्त लागलं. ती बॅग भरून निघाली.

तेव्हापासून ना फोन, ना निरोप; कोर्टाचे कागदही वकिलामार्फतच. फक्त चार वाजता हे असं. खात्यात बघितलं की तीच सनई, तीच अकरा मिनिटं, एका दिवसाचा खाडा नाही. माणूस तोंडानं बोलत नाही, पण आठवण काढतो, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. वेडेपणा म्हणा हवं तर. पण त्या अकरा मिनिटांत तिचा जीव दिंद्रुडला जाऊन यायचा.

वकिलानं सांगितलं होतं, शेवटच्या क्षणीही नाही म्हणता येतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली, त्याच सकाळी भाजलेल्या बियांची पिशवी घेतली आणि परळीच्या एसटीत बसली. दिंद्रुडला उतरली तेव्हा चारला पाच कमी होते. कानात तिचं गाणं चालू होतं.

आदिनाथचं सरकी-पेंडीचं दुकान स्टँडसमोरच. तो एका गिऱ्हाइकाला पेंड मोजून देत होता. तिला दारात बघून दचकलाच.

"काय झालं? तारीख उद्याची हाय ना?"

"उद्याचीच हाय. सहज आले."

तेवढ्यात तिच्या कानातलं गाणं थांबलं. तिनं फोन बघितला. 'आदिनाथचा फोन' यावर गाणं सुरू आहे.

समोर आदिनाथचे दोन्ही हात पेंडीनं भरलेले होते. त्याचा फोन गल्ल्यावर उपडा पडला होता. नवा कोरा, तिनं कधी न बघितलेला.

"तुमी सनई ऐकता का हो रोज?" तिनं विचारलं.

"कसली सनई? ते ॲप व्हय? ते मी कवाच सोडलं. हा फोन घेतला तवाच."

त्याला खोटं बोलता यायचं नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"मग जुना फोन?"

"घरी हाय." गिऱ्हाइकानं पिशवी पुढं केली आणि तो पुन्हा काट्याकडं वळला.

परतीची एसटी बघावी, असं तिला वाटलं. दोन वर्षं आपण कुणासाठी झुरलो? डोळे भरून आले, तिला स्वतःचीच लाज वाटली. पण गाणं थांबलं होतं ते थांबलेलंच होतं, आणि तिचे पाय आपोआप घराच्या गल्लीकडं वळले. वळणावरच सनई ऐकू आली. मागोमाग काहीतरी भाजल्याचा वास आला. परसदार उघडंच होतं.

चुलीपाशी छबुबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. जुना फोन डब्याला टेकवून ठेवलेला, शेजारी दोन कप, आणि समोर एक रिकामा पाट. सनई संपली तशी त्यांनी घाईघाईनं तवा उतरवला. तव्यात चिंचोके होते.

"बग गं स्वप्नाली," रिकाम्या पाटाकडं बघत त्या म्हणाल्या, "आज तरी तसा वास आला का?"